तीनशे पाच, मागचे दोन

कावळा नाक्यावरून हायवेकडं निघालं
की उजव्या हाताला माझं दुकान. पाटी नाही.
एकावर एक चार टायर, वरच्याला पांढरा रंग.
इंद्रजित नेजदारांची पिवळी गाडी रात्रीच यायची.
दिवसा आली की निम्मा नाका गोळा होतो
आणि कुणीतरी विचारतंच,
"ॲव्हरेज किती देती वो?"

मागचे दोन. रुंदी तीनशे पाच, वीसची रिम.
सात हजार किलोमीटर, आणि संपले.
"सातच, इलाहीभाई?
आमचा ट्रक ऐंशी हजार काढतोय की."
गाडी जॅकवर घेतली. बाहेरून नक्षी शाबूत.
मग हात आत घातला,
जिथं मालक कधी वाकून बघत नाही,
तिथं आतल्या कडेला बोटाला तार लागली.
त्यांचंही बोट धरून तिथं नेलं.
गप्प झाले.

ट्रकचा रबर टणक असतो, साहेब.
त्याला कुठली घाई?
ऊस भरून डुलत जातो,
कारखान्याच्या दारात रात्र काढतो.
हा मऊ. नख रुतवा, खूण राहते.
पन्हाळ्याच्या वळणाला तुम्ही पाय उचलत नाही
आणि गाडी रेसभरही सरकत नाही,
ते फुकट होतंय व्हय?
दरेक वळणाला हा थोडा रस्त्यावर राहतो.
सकाळी त्यावरून दूधवाले जातात,
कुणाला दिसत नाही.

माझा आजा शिकलगार. सायकल स्टँडवर लावून
पायडल मारायचा, पुढं साण फिरायची.
खाटकाचे सुरे, न्हाव्याचे वस्तरे,
ठिणग्यांनी त्याच्या सदऱ्याला बारीक बारीक भोकं.
बायका विचारायच्या, धार किती दिवस टिकंल?
म्हणायचा, कापलं न्हाई तर जल्मभर.

पोलादाचं असेल तसं.

नवे दोन घालून दिले. त्यानंतर सहा वर्षं
पिवळी गाडी दिसली नाही.
कानावर यायचं: थोरले नेजदार अंथरुणाला खिळले,
शिरोलीची फौंड्री, बँक, वकील,
भावाभावांत बोलणं बंद.
मग एका दुपारी ती आली, दुसऱ्या गाडीच्या पाठीवर,
काचेवर बोटानं कुण्या पोरानं काढलेलं
एक नाक, दोन डोळे.

"टायर नवेच आहेत," ते म्हणाले,
"नुसती हवा बघ."
रुपयाचं नाणं घातलं, नक्षी खोल.
बगलेवरचे चार आकडे पुसून वाचले,
आठवडा आणि साल.
कडेला भेगा, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा.
खाली, जिथं सहा वर्षं वजन एकाच जागी बसलं,
तिथं चपटा.
नख रुतवलं. खूण उठली नाही.

"हे बी गेले, साहेब."
"अरे, चालवलीच नाही तर गेले कसे?"

उत्तर होतं माझ्याजवळ. ऊन, हवा, वजन,
सगळं पाठ आहे.
पण त्यांचे केस कानाजवळ पांढरे झालेले,
आणि त्यांनी टायरवरचा हात काढला नव्हता.
मी एकवीसचा पाना शोधत राहिलो.
पाना समोरच होता.

नवे घातले. सांगितलं, पहिले शंभर किलोमीटर
दमानं घ्या, नवा रबर निसरडा असतो,
रस्त्याशी त्याची वळख नसते.
त्यांनी मान हलवली, इंडिकेटर दिला
आणि पन्हाळ्याकडं नाही, घराकडं वळले.

काढलेले दोन वडणग्याच्या गुऱ्हाळवाल्यानं नेले,
पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून.
परवा गेलो होतो काकवी आणायला.
वर दोघं शेजारी शेजारी बसलेले,
धुरात, मजेत.
त्यानं विचारलं, किती वर्षं काढतील हे?

म्हटलं, आता काय,
तुझ्या नातवापर्यंत बघायला नको.